चाकांवर बसवलेला घट

त्या घरात रोज संध्याकाळी जेवणाचं टेबल मोडून आईबाबांचा पलंग करावा लागायचा. मोडायचं म्हणजे टेबलाचा पाय काढून फळी दोन बाकांच्या मधोमध खाली बसवायची, बाकांवरच्या गाद्या तिच्यावर ओढायच्या आणि त्यांच्या मधल्या फटीत जुनी चादर कोंबायची. सकाळी हे सगळं उलट. पाय त्याच्या खाचेत कधीच एका दमात बसायचा नाही. बाबा गुडघ्यावर टेकून ठोकत बसायचे आणि तोवर आई चहाचे कप हातात धरून उभी, कारण ते ठेवायला दुसरी जागाच नव्हती. आज माझ्या घरात घडी घालता येईल असं एकही फर्निचर नाही. दुकानात कुणी कौतुकानं सोफा-कम-बेड उघडून दाखवायला लागलं, की मी तिथून काढता पाय घेते.

घर म्हणजे कॅरॅव्हॅन. गाडीच्या मागे जोडून ओढायची, चार पत्रे आणि प्लायवूडची खोली. सिंगापुरात, ईस्ट कोस्टच्या मागच्या एका गल्लीत आंटी लिम नावाच्या चिनी बाईंचा बंगला होता आणि त्याच्या अंगणात, आंब्याच्या झाडाखाली, ही उभी होती. आंटींच्या नवऱ्यानं निवृत्तीनंतर सगळा मलेशिया हिंडायचा म्हणून घेतली होती, कंपनीचं सगळ्यात स्वस्त मॉडेल. बिचारे निवृत्त झाले आणि चार महिन्यांत गेले. गाडी अंगणाबाहेर एकदाही पडली नाही. बाबा पूर्वी रॅफल्स प्लेसला ज्या बँकेत होते तिथे हे गृहस्थ त्यांचे वरिष्ठ होते. बाबांची नोकरी गेली, भाड्याचा फ्लॅट सोडावा लागला, तेव्हा आंटींनीच आपण होऊन निरोप धाडला. "यू ऑल स्टे फर्स्ट. आफ्टर दॅट वी सी." आम्ही तिघं दोन महिन्यांसाठी म्हणून गेलो आणि वर्ष होत आलं तरी तिथेच होतो.

स्वस्त वस्तूचं स्वस्तपण राहायला लागल्यावर कळतं. भिंतींवर लाकडाच्या चित्राचा कागद होता, तो दमट हवेनं कोपऱ्याकोपऱ्यातून सुटायचा. कपाटांच्या प्लास्टिकच्या खिट्ट्या पहिल्या महिन्यातच तुटल्या, मग दारांना रबरबँड. खण फुगून बसले की उघडायचे नाहीत, आणि उघडले की मिटायचे नाहीत. पाणी बाहेरच्या नळावरून कॅनमधून आणून टाकीत ओतायचं, ते बेसिनच्या नळातून धापा टाकत यायचं. अंघोळीला आंटींच्या मागच्या अंगणातली मोरी. गुडघ्याएवढ्या फ्रिजमध्ये दुधाची बाटली आडवी ठेवली तर भाजी उभी. सगळ्यात वैताग म्हणजे गाडी हलायची. एका कोपऱ्याचा टेकू मातीत रुतला होता, त्यामुळे कुणीही कूस बदलली तरी तिघांना कळायचं. आई पोळ्या लाटायला लागली की मागच्या पडद्याआड माझ्या वहीतलं अक्षर थरथरायचं. "आई, स्टॉप लाह, ग्राफ काढतेय!" मी ओरडायची. ती लाटणं थांबवायची, मी रेघ ओढायची, मग ती पुढची पोळी घ्यायची. दोन वेळच्या पोळ्या आणि माझं गणित असं आळीपाळीनं व्हायचं.

आवाज म्हणाल तर छतावर सतत आंब्याचं काहीतरी पडत असायचं. आधी मोहोर, मग कैऱ्या, मग खारी. पाऊस आला की आत बोलणंच बंद. फोडणीचा वास माझ्या युनिफॉर्मला इतका मुरला होता की शाळेत बसायला मी खिडकीजवळची जागा धरायची. आईनं हिंग कमी केला, मग सोडूनच दिला. हिंगाशिवायचं वरण बाबा मुकाट्यानं खायचे. मला तेव्हा त्या मुकाट्यानं खाण्याचाच राग यायचा. एकदा तरी त्यांनी ताट सरकवून म्हणावं, की हे काय चाललंय आपलं!

आईनं हे सगळं मराठी मंडळींपासून लपवलं होतं. तशी ती खोटं बोलणारी बाई नव्हे. पण कुणाच्या तरी काँडोत भिशी असली आणि कुणी विचारलं, "सुमनताई, हल्ली कुठे राहता?" तर ती म्हणायची, "ईस्ट कोस्टला, लँडेडमध्ये." सिंगापुरात स्वतंत्र बंगल्यात राहणं म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक. बायकांच्या भुवया वर जायच्या. एकीनं तर मत्सरानं विचारलं, "बाग पण असेल ना?" आई म्हणाली, "आंबा आहे." घरी येऊन ती बाकावर बसली आणि पायातल्या सँडलसुद्धा न काढता बराच वेळ तशीच राहिली. आईचा थकवा असा असायचा. ती रडायची नाही, चिडायची नाही, नुसती मध्येच थांबायची.

नवरात्र आलं तेव्हा माझी ओ-लेव्हलची, म्हणजे इथल्या दहावीची, परीक्षा सुरू व्हायची होती. आमच्याकडे घट बसतात, आईच्या सासूबाईंकडून आलेला कुळाचार. मला वाटलं, यंदा आई सोडून देईल. पुण्याहून आजीचा फोन आला, "जागा लहान असली म्हणून काय झालं, देवीला केवढी जागा लागते?" आजीला आम्ही छोट्या फ्लॅटमध्ये आहोत एवढंच माहीत होतं. आईनं एक दिवस विचार केला आणि ठरवलं, बसवायचा. गाडीत सपाट जागा एकच, ते टेबल. आणि एकदा घट बसला की नऊ दिवस जागचा हलवायचा नाही. म्हणजे नऊ दिवस टेबल मोडायचं नाही, म्हणजे पलंग नाही. बाबांनी बाहेर आंब्याखाली चटई टाकली आणि आई दोन बाकांच्या मधल्या फरशीवर पाय दुमडून आडवी व्हायला लागली.

घटस्थापनेच्या सकाळी बाबांनी आंटींच्या बागेतली माती चाळून दिली, परडी आणून दिली. आईनं माती पसरून धान्य पेरलं, तांब्याचा कलश ठेवला, विड्याची पानं, नारळ, समोर देवीचा टाक. वरच्या कपाटाच्या मुठीला दोरा बांधून लिटल इंडियातून आणलेली शेवंतीची पहिली माळ सोडली. आणि शेजारी काच लावलेला पितळी दिवा. हा अखंड जळायचा, नऊ दिवस विझता कामा नये. प्लायवूडच्या घरात, शेगडीपासून दोन हातांवर! मी म्हटलं, "आई, कॅनॉट. इट विल कॅच फायर." आईनं दिव्याखाली स्टीलची परात ठेवली, खिडकीचे पडदे काढून टाकले आणि म्हणाली, "झालं. आता पेटलं तर देवी बघून घेईल." वारा लागू नये म्हणून खिडक्या बंद, पंखा बंद. आतली हवा शिजवलेल्या भातासारखी झाली. मी पुस्तकं घेऊन आंटींच्या ओट्यावर जाऊन बसायची. आई मात्र आतच. घट बसलेलं घर एकटं सोडायचं नसतं. उपास, उकाडा, दर दोन तासांनी तेल. पण सांगायला हवं की त्या वर्षभरात ती मला पहिल्यांदाच ताठ दिसली. ती तिथे आता पाहुणी नव्हती. तिचा देव बसला होता, म्हणजे ते तिचं घर होतं. धान तर असं तरारून आलं की पुण्यात नवव्या माळेला जेवढं वाढतं तेवढं इथे पाचव्या माळेपर्यंतच वाढलं. आई ते मला रोज दाखवायची आणि मी "हं" म्हणून पुस्तकात डोकं घालायची.

पाचव्या माळेच्या सकाळी, मी दुसऱ्या दिवशीच्या गणिताच्या पेपरसाठी सूत्रं घोकत होते, तेव्हा फाटकातून एक ट्रक पाठमोरा टूं टूं करत आत शिरला. मागून आंटी लिम सपाता फटफटवत आल्या. आई हातात पाचवी माळ घेऊन दारात उभी राहिली.

"अहो, हा माणूस कशाला आलाय?" तिनं बाबांना विचारलं.

बाबा फाटक लावायला वळले. आंटी आधी त्यांच्याकडे बघत राहिल्या, मग आईकडे. "युअर हजबंड नेव्हर टेल यू मेह? लेटर केम टू वीक्स अगो. टुडे लास्ट डे. आय स्केअर्ड फाइन, लाह, सो आय कॉल द लॉरी."

कुणा शेजाऱ्यानं तक्रार केली होती. अंगणात उभ्या केलेल्या गाडीत माणसं राहतात, हे नियमात बसत नव्हतं. एक साहेब येऊन बघून गेले होते, सभ्यपणे बोलले होते, गाडी मुदतीत हलवली नाही तर दंड, असा कागद देऊन गेले होते. बाबांनी तो कागद सर्टिफिकेटांच्या फाइलमध्ये ठेवून दिला होता. आज गाडी आंटींच्या भाच्याच्या गोदामात जायची होती आणि आम्ही कुठे जायचं हे बाबांनी ठरवलंच नव्हतं.

"मी सांगणार होतो, सुमन."

"कधी?"

"काहीतरी काम मिळालं की दोन्ही एकदमच सांगावं म्हटलं."

आईनं माळ गोळा करून ओंजळीत घेतली. "घट बसवायचा होता तेव्हा तुम्ही मला माती चाळून दिलीत. परडी आणून दिलीत. तेव्हा ठाऊक होतं?"

"हो," बाबा म्हणाले.

मी बाबांना पुष्कळ गोष्टींची माफी दिली आहे. आता ते नाहीत, आणि गेलेल्या माणसाशी भांडणात मजा नाही. पण तो "हो" अजून मला गिळता येत नाही. त्यांनी खोटं तरी बोलायला हवं होतं.

ड्रायव्हर मलाय होता, वयस्कर, भला माणूस. त्यानं दारातून आत डोकावून पाहिलं आणि मान हलवली. "फायर इनसाइड, कॅनॉट पुल." मग हळूच म्हणाला, "प्रेयर, इझ इट? आय वेट. टेक युअर टाइम." आणि तो आंब्याखाली जाऊन उकिडवा बसला.

आंटींना काय चाललंय ते माझ्याकडून कळलं तेव्हा त्यांनी लगेच स्वयंपाकघराकडे बोट केलं. "पुट इन माय किचन. कॅन. राइस कुकर आय शिफ्ट." त्यांच्या लेखी प्रश्न मिटला. त्यांना कसं सांगणार, की हा घट कुठे ठेवायचा हा प्रश्नच नाही, तो हलवायचा हाच अपराध आहे? आई गाडीच्या पायरीवर बसली. बसली ती बसलीच. ट्रकचं इंजिन गुरगुरत होतं, वर ढग भरून आले होते आणि समुद्राकडून वारा सुटला होता. बाबा म्हणाले, "सुमन, पाऊस यायच्या आत..." ती म्हणाली, "थांबा जरा."

मग ती उठली आणि बोलली ते अगदी साध्या आवाजात, बाजारात काय काय आणायचं ते सांगावं तसं. "घट मी हलवते. दोष माझा. पण दिवा तिथवर जळत पोचला तर मी समजेन की आपण इथे राहावं असं देवीच्या मनात आहे, आणि मी तुम्हाला पुन्हा एका शब्दानं विचारणार नाही. वाटेत विझला, तर अनूचे पेपर संपले की मी तिला घेऊन पुण्याला जाते. तुम्हाला यायचं तर या." माझ्या आजोळी, कोकणात, असा कौल लावतात. आईला लावताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. "दिवा अनू घेईल," ती म्हणाली. "कुमारिकेच्या हातून दोष लागत नाही."

बाबांनी परातीत घट घेतला. आईनं टाक पदरात धरला. दोघं पुढे गेले. मी दिवा घेऊन मागे. दिव्याची काच चटका देत होती म्हणून ती काढून गाडीतच ठेवली होती, वातीला आडोसा फक्त माझ्या तळव्याचा. बंगल्याला वळसा घालून मागच्या दारानं स्वयंपाकघरात जायचं होतं. चाळीसेक पावलं असतील. मला पुण्याला जायचं नव्हतं. पुणं म्हणजे माझ्या मराठीला हसणारी चुलत भावंडं आणि सुट्टीतले चार रटाळ आठवडे. माझी शाळा इथे होती, मैत्रिणी इथे होत्या, पुढचं कॉलेज मी मनात निवडूनही ठेवलं होतं. आई कशानं थकली आहे याचा विचार मी केला नाही. सोळा वर्षांच्या मुलीनं करायला हवा होता असंही मी म्हणत नाही, पण केला नाही हे खरं.

कपडे वाळत घालायच्या दोरीपाशी आई वळून कोपऱ्याआड गेली, आणि त्याच क्षणी वाऱ्याचा झोत आला. ओल्या चादरीचं टोक माझ्या हातावर फटकन बसलं. दिवा विझला. वातीतून धुराची बारीक रेघ निघाली, तीही लगेच मोडली. मी तिथेच उभी. समोर भिंतीला आंटींचा लाल पत्र्याचा छोटा देव्हारा टांगलेला होता, आकाशातल्या देवाचा. त्यात उदबत्त्या आणि तेलाचा एक इवलासा दिवा मिणमिणत होता. मी हात लांब करून माझी वात त्याला लावली. भिजलेली वात पटकन पेट घेईना. मागून आंटी येत होत्या. त्यांनी पाहिलं, हे मला माहीत आहे, कारण त्या म्हणाल्या, "क्विक, गर्ल." वात पेटली. मी हात आडवा धरला आणि कोपरा वळले.

आई दारात वाट बघत होती. तिनं दिवा पाहिला. दोन्ही हात जोडले आणि तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं. वर्षभर न रडलेली बाई, परक्याच्या स्वयंपाकघरात, राइस कुकर सरकवून केलेल्या जागेसमोर उभी राहून रडली. बाबा भिंतीला टेकले. मी परातीत दिवा ठेवला आणि मान वर केलीच नाही. आईला वाटलं, मी दमले. "ये, बस," ती म्हणाली, "केवढं सांभाळून आणलंस!" बाहेर ट्रकनं गाडी ओढून नेली, त्याचा आवाज आम्हाला तिथे ऐकू आला. दुसऱ्या दिवशी मी पेपर लिहिला. बरा गेला.

आईनं शब्द पाळला. बाबांना तिनं कधीच काही विचारलं नाही. दसऱ्याला आंटींच्या घरी घट उठला, धान त्यांनीही हौसेनं कानामागे खोवलं, आणि त्यानंतर आम्ही खोल्या बदलत राहिलो. एकेका फ्लॅटमधली एकेक खोली, बाहेरच्या स्वयंपाकघरात परक्या बायकांची भांडी आणि भिंतीवर चिठ्ठी, लाइट कुकिंग ओन्ली. बाबांना पुढे एका छोट्या फर्ममध्ये काम मिळालं, पूर्वीसारखं नाही. आई एका पाळणाघराच्या स्वयंपाकघरात लागली. सकाळी पहिल्या बसनं जायची, दुपारी मान टाकून यायची. तिचे वडील गेले तेव्हा ती तिसऱ्या दिवशी पोचली. बहिणीनं फोनवर विचारलं, "किती दिवस असे काढणार गं तुम्ही?" तर आई म्हणाली, "देवीनं कौल दिलाय. राहायलाच हवं." हे वाक्य तिनं किती वेळा म्हटलं असेल! पाय सुजले की म्हणायची, खोलीच्या मालकिणीनं फ्रिजमधला तिचा डबा उचलून बाहेर ठेवला तेव्हा म्हणाली. दर वेळी मी दुसऱ्या खोलीत जायची. दुसरी खोली नसली तर बाथरूममध्ये.

माझं सगळं नीट झालं. हेही लिहायलाच हवं, कारण त्याशिवाय हिशेब अर्धा राहील. मला हवं ते कॉलेज मिळालं, नोकरी, फ्लॅट, नवरा, दोन मुलं. बाबा गेल्यावर आई माझ्याकडे आली. तिला तिची खोली आहे, जागचा न हलणारा पलंग आहे. गुडघे तिचेही गेले, आता माझेही निघालेत. एवढ्या वर्षांत मी तिला सांगितलं नाही, कारण आधी भीती होती, मग लाज, मग वाटलं, आता कशाला त्या माउलीला.

गेल्या नवरात्रात सांगितलं. तसं काही निमित्त नव्हतं. पाचवी माळ बांधून झाली होती. ती स्टुलावर बसून वाती वळत होती, मी तेल घालत होते. मी खाली बघतच सगळं सांगितलं. चादर, वारा, आंटींचा देव्हारा. मला वाटलं होतं ती रागावेल, किंवा हसेल, किंवा म्हणेल की दिवा शेवटी दिवाच, कुठूनही लावला तरी. मुलीला माफ करायला आईला जे जे म्हणता येतं ते सगळं मी मनात तयार ठेवलं होतं.

तिच्या बोटांतली वात तशीच राहिली.

"म्हणजे," ती म्हणाली, "मला जाता आलं असतं."